जुन्या बाटल्या-बरण्यांनी लग्न सजवायचंय? मग आधी बाही वर करा

धाकटीचं लग्न माघात ठरलं आणि तिने दिवाळीच्या आधीच जाहीर करून टाकलं की मला थर्माकोलचे मोर नकोत, प्लास्टिकची फुलं नकोत, मला जुन्या काचेच्या बाटल्या आणि बरण्या हव्यात. बाबा म्हणाले, म्हणजे भंगार ने? (बडोद्यात वाढलेल्या माणसाच्या मराठीत तो 'ने' येतोच, त्याला इलाज नाही.) आई काही बोलली नाही, पण तिने एकदा माळ्याकडे बघितलं, कारण माळ्यावर काय काय आहे ते फक्त तिलाच माहीत. लग्न झालं, सगळं छान पार पडलं, आणि नंतर ओळखीतल्या चार-पाच जणींचे फोन आले की कसं केलं, काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे हे काम सजावटीचं नाहीच, धुण्याचं आणि वाहून नेण्याचं आहे. फुलं लावायला आम्हाला दोन तास लागले, बाटल्या धुवायला तीन रविवार गेले. घरात हाताला हात लावणारी पाच-सहा माणसं नसतील तर सरळ डेकोरेटरला फोन करा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं म्हणजे बाटल्या गोळा करायच्या आधी वाडीत (आमच्याकडे लग्नाच्या हॉलला वाडीच म्हणतात) जाऊन जागा बघून या. काच पारदर्शक असते, लांबून ती दिसतच नाही, ही साधी गोष्ट आम्हाला स्टेजवर वीस बाटल्या मांडून बघेपर्यंत कळली नाही. दहाव्या रांगेतून बघितलं तर नुसती फुलं हवेत तरंगल्यासारखी दिसत होती आणि मागे कापडाची चुणी. काच शोभते ती माणूस हातभर अंतरावर उभा असेल तिथे, आणि मागून किंवा बाजूने उजेड पडत असेल तर. म्हणून तीनच जागा पकडा: प्रवेशाचं टेबल जिथे अक्षता देतात, रुखवत, आणि जेवणाची टेबलं. स्टेज डेकोरेटरला देऊन टाका, तिथे झेंडूच्या माळाच बऱ्या दिसतात.

आणि बोहल्याच्या आसपास जमिनीवर काच अजिबात नको. आपल्या लग्नात मुंडावळ्या बांधून नवरा-नवरी अनवाणी, भटजी अनवाणी, करवल्या अनवाणी, मामा मुलीला घेऊन येतो तोही अनवाणी, आणि सप्तपदीच्या वेळी सगळे वाकून बघायला पुढे घुसतात. तिथे एक बरणी लवंडली की पुढचा मुहूर्त पट्ट्या बांधण्यात जाणार. फोटोत बघितलेल्या सजावटी बहुतेक बूट घालून चालणाऱ्या लोकांच्या लग्नातल्या असतात, त्या जशाच्या तशा उचलू नका.

आकडा काढायची पद्धत सोपी आहे. जेवणाच्या एका टेबलावर तीन बाटल्या, एक उंच, एक मधली, एक बुटकी. आमची बारा टेबलं होती म्हणजे छत्तीस झाल्या. अक्षतांच्या टेबलावर आठ-दहा, रुखवतावर पंधरा-वीस बरण्या, आणि वर दहा जास्तीच्या, कारण फुटतात. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर. आम्ही उत्साहात एकशे दहा जमवल्या आणि शेवटी त्यातल्या तीसेक नुसत्या मोरीत उभ्या राहिल्या, धुतलेल्या, चकचकीत, कुणी विचारलं नाही.

आता मिळतात कुठे. सगळ्यात चांगला काळ दिवाळीच्या साफसफाईचा, तेव्हा प्रत्येक घरातून माळे खाली उतरतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाका की काचेच्या जुन्या बाटल्या-बरण्या टाकू नका, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आमच्याकडे दांडिया बाजारातल्या आत्याकडून निघाल्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या, रावपुऱ्यातल्या मामींकडून हॉर्लिक्सच्या जाड काचेच्या, आणि आजोबांच्या कपाटामागून औषधाच्या तपकिरी बाटल्यांची अख्खी रांग, त्यात ग्लायकोडिनच्या पण होत्या. बडोद्याच्या घरात काच निघते याला कारणही आहे. १९०७ साली इथे अलेम्बिक सुरू झाली, ती औषधं करायची आणि पुढे त्यांचा काचेचाही कारखाना झाला, येरा नावाने त्यांचे ग्लास आणि बरण्या घराघरात गेल्या. बरणी उलटी करून बुडाकडे बघा, कधी कधी नाव उमटवलेलं असतं. आमच्या काकांनी असं एक नाव सापडल्यावर अर्धा तास अलेम्बिक रोडच्या जुन्या गोष्टी सांगितल्या आणि तेवढ्या वेळात बाटली एकही धुतली नाही.

घरातून पुरल्या नाहीत तर पस्तीवाला, म्हणजे आपला रद्दी-भंगारवाला. त्याला आधी सांगून ठेवलं तर तो वेगळ्या काढून ठेवतो, अगदी थोड्या पैशात देतो, फक्त घेताना प्रत्येक बाटलीच्या कडेवरून बोट नाही, कपडा फिरवा. कपडा अडकला तर टवका उडालाय, ती घेऊ नका. शुक्रवारी बाजारातही मिळतात, पण तिथे 'अँटिक' शब्द ऐकला की किंमत चौपट होते. जुनी आहे का हे बघायची एक खूण सांगते. साच्यात केलेल्या बाटलीला दोन बाजूंना उभी शिवण असते. ती शिवण अगदी तोंडाच्या कडेपर्यंत वर गेली असेल तर बाटली पूर्ण मशीनवर झालेली. शिवण मानेशीच कुठेतरी विरली असेल आणि तोंड थोडं वेडंवाकडं, काचेत बुडबुडे असतील, तर तोंड हाताने केलेलं असण्याची शक्यता जास्त. अर्थात सजावटीला काय फरक पडतो, पाहुण्यांपैकी कोण शिवण बघायला येणार आहे, पण एका बाटलीचे तीनशे मागत असतील तर आपल्याला तरी माहीत असावं.

गोटी सोड्याची बाटली मिळाली तर जरूर घ्या, मुलं तिथून हलत नाहीत. १८७२ साली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने ती काढली, आतल्या गॅसचा दाब गोटीला वरच्या रबराच्या रिंगवर दाबून धरतो, बुचाची गरजच नाही. पण फुलदाणी म्हणून ती बेकार, मान चिमटलेली आणि दांडा घालायला गेलं की गोटी आडवी येते. ती नुसती दाखवायला ठेवा.

दारूच्या बाटल्यांचं काय, हा प्रश्न गुजरातमध्ये येणारच. त्या बाटल्या दिसायला देखण्या असतात, काच जाड, आकार मस्त, हे मान्य. पण दारूबंदीच्या राज्यात लग्नाच्या टेबलावर ती ओळखीची चौकोनी बाटली दिसली की पुढचा तासभर ती कुणाकडून आली याचीच चर्चा, आणि आजी विचारणार ती वेगळंच. आम्ही ठरवून एकही घेतली नाही. तरी पुण्याहून आलेल्या वरपक्षातल्या एका काकांनी प्रत्येक टेबलावरची बाटली उचलून वास घेतला म्हणे. निशिगंधाचाच वास आला असेल बिचाऱ्यांना.

एक पक्कं: ॲसिडच्या, फिनाईलच्या, कीटकनाशकाच्या बाटल्या कितीही सुंदर असल्या तरी घ्यायच्या नाहीत, धुऊनसुद्धा नाही.

आता धुणं. इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळे कंटाळतात आणि मग टेबलावर अर्ध्या सोललेल्या लेबलच्या बाटल्या येतात.

मोठ्या टबात कोमट पाणी, त्यात धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्याचं लिक्विड, आणि बाटल्या रात्रभर बुडवून ठेवा. बाटलीत पण पाणी भरा, नाहीतर त्या तरंगत एकमेकींवर आपटत बसतात. पाणी कोमटच हवं, उकळतं ओतलं तर थंडीच्या दिवसात जुनी काच तडकते, आणि ती तडकते तेव्हा हातातच तडकते. सकाळी जुन्या बाटल्यांची कागदी लेबलं आपोआप सुटून येतात, कारण त्यांना खळीसारखा साधा गोंद असायचा. त्रास नव्या बाटल्यांचा, त्यांच्या स्टिकरचा चिकट थर पाण्याला दाद देत नाही. त्याला खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून लेप लावा, अर्धा तास थांबा, मग तारेच्या नाही, नारळाच्या काथ्याने घासा. तरी राहिलं तर नेलपॉलिश काढायचं लिक्विड, खिडकी उघडी ठेवून, आणि गॅस पेटलेला असेल त्या खोलीत नाही. आमच्या वहिनीने हेअर ड्रायरने गरम करून स्टिकर सोलले, ते पण झकास जमतं.

एक लक्षात ठेवा, सुंदर जुनं लेबल असेल तर ते काढायचं नसतं! आमच्या भावाने दोन बाटल्यांची छापील लेबलं मन लावून घासून काढली आणि वर शाबासकी मागायला आला. लेबल राखायचं असेल तर बाटली बुडवू नका, आतून धुवा आणि बाहेरून ओला कपडा फिरवा.

आतली घाण काढायला ब्रश जात नाही अशा बाटल्यांसाठी आजीची युक्ती: मूठभर कच्चे तांदूळ, थोडं पाणी, थोडं साबण, तोंडावर तळहात आणि जोरजोरात हलवा. तांदळाचे दाणे कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन घासतात. लग्नाच्या घरात मुलांना हे काम दिलं तर ती खूश आणि आपण खूश, फक्त कोरड्या गच्चीवर बसवा, ओल्या फरशीवर नाही.

आतून पांढरा थर दिसतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या क्षारांचा असतो, बोअरचं पाणी असलेल्या घरात तर सगळ्याच बाटल्यांना असतो. त्याला लिंबाचं फूल आणा, किराण्याच्या दुकानात लिंबूना फूल म्हटलं की देतात, खमण करणाऱ्या प्रत्येक घरात असतंच. एक चमचा बाटलीभर कोमट पाण्यात, दोन-तीन तास. क्षार आम्लात विरघळतात, घासावं लागत नाही. पण काही बाटल्यांचा धूसरपणा कशानेच जात नाही, कारण तो थर नसतोच, वर्षानुवर्षं ओलावा राहून काचच खाल्ली गेलेली असते. तिथे हात दुखवून घेऊ नका. त्या बाटलीत चार थेंब तेल घालून आतून फिरवा, ओलं दिसतं आणि बाटली त्या दिवसापुरती स्वच्छ भासते. अशा बाटलीत पाणी न घालता सुकं गवत किंवा कापसाच्या बोंडाच्या काड्या ठेवा. आणि कृपा करून ॲसिड आणि ब्लीच एकत्र करायचा शहाणपणा करू नका, त्यातून क्लोरीन निघतो, घसा आणि डोळे जळतात.

लोणच्याच्या बरण्यांना वास राहतो. खायचा सोडा घालून कोमट पाण्याने भरून ठेवा, मग दोन दिवस उन्हात उघड्या. तरी मोहरी-हिंगाचा वास आला तर ती बरणी रुखवतावर लोणच्यासाठीच ठेवा, भांडण कशाला.

वाळवताना जुन्या चादरीवर उलट्या, पण सपाट नाही, कडेला काठी किंवा दोरी देऊन जरा तिरक्या, म्हणजे हवा आत जाते. ज्यांत लाईट घालायचे त्या आतून कडकडीत कोरड्या हव्यात, नाहीतर बूच लावलं की आतून वाफ धरते आणि संध्याकाळी नुसता धुरकट पिवळा गोळा दिसतो.

धुतल्या धुतल्या अजून एक काम करा, प्रत्येकीच्या बुडाला परमनंट मार्करने मालकिणीचं नाव लिहा. का ते शेवटी सांगते.

रंगवायच्या का? मला विचाराल तर नाही. जुन्या काचेची मजा तिच्यातून उजेड जातो यात आहे, वर रंग फासला तर प्लास्टिकच्या डब्यात आणि तिच्यात फरक काय राहिला. फारच साध्या, नव्या सॉसच्या बाटल्या असतील तर मानेला सुतळी गुंडाळा, तीन-चार इंच, पांढऱ्या फेविकॉलने. ही बाटली नंतर पाण्यात बुडवू नका, फेविकॉल भिजला की सुतळी मोजा उतरल्यासारखी खाली येते. ग्लू गनचा गोंद गुळगुळीत काचेवरून थोड्याच दिवसांत पापुद्र्यासारखा निघतो, त्यामुळे लग्नापुरता ठीक, आणि परत करायच्या बाटलीला तोच बरा. दोऱ्याला रॉकेल लावून पेटवून बाटली कापायचे व्हिडिओ बघून कुणाला उत्साह आला तर त्याला दुसरं काम द्या. आमच्याकडे आला होता एकाला, त्याला केळीचे खांब आणायला पाठवलं.

फुलांसाठी आम्ही खंडेराव मार्केटला पहाटे गेलो. १९०६ सालची ती इमारत, तिथलं फुलांचं मार्केट सकाळी बघण्यासारखं असतं, पण तिथे झेंडू मिळतो तो नुसती डोकी, किलोवर, हारासाठी. बाटलीला दांडा लागतो. त्यामुळे दांड्यासकट शेवंती, ॲस्टर, गुलाब आणि निशिगंध हवा असं आदल्या दिवशी फुलवाल्याला सांगून ठेवा. गुजरातीत बोललात तर भाव जरा बरा पडतो, हा अनुभव.

घरी आणल्यावर लगेच बाटलीत घालू नका. बादलीत गार पाणी, दांडे तळातून बोटभर तिरके कापा, पाण्यात बुडतील ती सगळी पानं काढून टाका (पानं कुजतात आणि पाण्याला वास येतो), आणि बादली रात्रभर अंधाऱ्या गार खोलीत. पोटभर पाणी पिऊन घेतलेलं फूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मान टाकत नाही. माघात हे आरामात जमतं, वैशाखातलं लग्न असेल तर गुलाब विसरा, निशिगंध आणि शेवंतीवर भिस्त ठेवा आणि दुपारच्या जेवणाच्या तासभर आधीच मांडा. दांड्याचा झेंडू मिळालाच तर त्याला वेगळी बाटली द्या, त्याचं पाणी फार लवकर घाण होतं आणि शेजारच्या फुलांना पण मारतं.

अरुंद तोंडाच्या बाटलीचा मोठा फायदा म्हणजे तिला एक किंवा तीन दांडे पुरतात. छत्तीस बाटल्यांना आम्हाला फुलं इतकी कमी लागली की फुलवाल्याने विचारलं, लग्न आहे की सत्यनारायण? रुंद तोंडाच्या बरणीत मात्र फुलं चारी बाजूंना लोळतात, त्याला तोंडावर पारदर्शक सेलोटेपची जाळी करा, दोन पट्ट्या उभ्या, दोन आडव्या, आणि चौकोनांतून दांडे घाला, वरून फुलांनी टेप झाकला जातो. काचेची कड मात्र आधी कोरडी पुसा, ओल्यावर टेप चिकटत नाही.

निशिगंधाची काडी लांब आणि वरून जड, त्यामुळे तिला सोड्याची जाड बुडाची बाटली द्या, औषधाची हलकी बाटली पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा पडते. हलकी वापरायचीच असेल तर तळाला मूठभर खडे घाला. जेवणाच्या टेबलावर फूल धरून उंची हातभराच्या आत ठेवा, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर पहिला येणारा पाहुणा बाटली उचलून खाली जमिनीवर ठेवतो, आणि मग पुन्हा तेच अनवाणी पायांचं.

रंगांचं माझं मत सांगते: तपकिरी काचेत पिवळं आणि पांढरं फूल, हिरव्या काचेत फक्त पांढरं, साध्या काचेत काहीही. तपकिरीत जांभळा ॲस्टर ठेवलात तर संध्याकाळी काळा दिसतो. मोगऱ्याला दांडाच नाही, त्याला बाटलीत कोंबू नका, रुंद बरणीत किंवा काचेच्या वाडग्यात पाण्यावर तरंगू द्या.

लाईटचं थोडक्यात. बुचाला लागलेल्या तांब्याच्या तारेच्या एलईडी माळा मिळतात, त्या बटन सेलवर चालतात, आणि ते सेल काही तासच नीट उजेड देतात, म्हणून सकाळी लावून बघायच्या आणि बंद करायच्या, संध्याकाळी पाहुणे यायला लागले की सुरू. हे सेल लहान मुलाने गिळले तर जिवावर बेततं, त्यामुळे बुचं घट्ट बसलेली आणि टेबलाच्या मधोमध, कडेला नाही, आणि सुटे सेल कुणा मोठ्या माणसाच्या खिशात. खऱ्या मेणबत्त्या रुंद, बुटक्या बरणीतच, तळाला वाळू किंवा जाड मीठ घालून, बाटलीत नाही. अरुंद तोंडातून हवा पुरत नाही, ज्योत विझते, आणि विझेपर्यंत मान इतकी तापते की हात लागला तर चटका. आणि जिथे शालू-पैठणीचे पदर फिरतात, जाळीचे पडदे लोंबतात, तिथे खरी ज्योत नकोच, आम्ही ती फक्त हळदीच्या कार्यक्रमाला अंगणात ओटल्यावर ठेवली.

लटकवायच्या असतील तर सुतळीवर विश्वास ठेवू नका. हार्डवेअरच्या दुकानातून जी. आय. तार आणा, तोंडाच्या जाड कडेच्या खाली दोन वेढे, पक्कडीने पीळ, समोरासमोर दोन कान, आणि त्यांतून वरची कडी. वरून शोभेला सुतळी बांधा हवं तर. पाणी भरून एक रात्र गच्चीत टांगून ठेवा, सकाळी खाली ओढून बघा. तरीसुद्धा माणसांच्या डोक्यावर नाही. झाडाखाली, भिंतीलगत, जिथून कुणी जात-येत नाही तिथेच.

आता रुखवत, कारण खरं सांगू का, काचेच्या बरण्यांची सजावट ही काय मोबाईलमधून आलेली नवी गोष्ट नाही, रुखवतावर ती आपल्याकडे कधीची आहे. आईच्या लग्नात मावशीने काचेच्या बरण्यांत लाडू, चिवडा, कुरडया, सांडगे मांडले होते, बरणीच्या मानेला क्रोशाचे रुमाल होते. आम्ही तेच केलं, फक्त बरण्या एकसारख्या न घेता सगळ्या वेगवेगळ्या घेतल्या. मागच्या रांगेत उंच, खाली वह्यांचे गठ्ठे ठेवून वर पांढरा कपडा म्हणजे पायऱ्या तयार. कुरडया आणि फेण्या उभ्या रचल्या तर काचेतून जाळी दिसते, नुसत्या ओतल्या तर चुरा दिसतो. बुंदीचे लाडू काचेला तेल लावतात, त्यांना आतून बटर पेपरचा गोल कापून घाला, किंवा रव्याचे करा. चिवडा लग्नाच्या सकाळीच भरा, आदल्या दिवशी भरला तर रात्रीतच तळाला तेल उतरतं. मध्ये मध्ये दोन-तीन बुटक्या बरण्यांत हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, अख्खे बदाम, लवंग-वेलची. पिवळं, तपकिरी, काळपट, सगळे रंग आपोआप जमतात, फुलांची गरजच लागत नाही. सगळ्यांत जास्त फोटो इथेच निघाले.

अक्षतांच्या टेबलावर मोठ्या तोंडाच्या दोन बरण्या, कडेला कागदाचे छोटे कोन आणि एक लाकडी डाव. तांदळाला कुंकू लावलं की ते सावलीत पूर्ण वाळू द्या, ओलसर भरले तर गुठळ्या होतात आणि काचेवर गुलाबी ओघळ दिसतात. बरणीत हात घालू नका असं लिहून काही उपयोग होत नाही, मुलं घालतातच, म्हणून तोंड इतकं मोठं घ्या की हात अडकणार नाही. आमच्या एका भाच्याचा अडकला होता, मंगलाष्टकं सुरू असताना, खोबरेल तेल लावून काढला.

नेण्यासाठी कोल्ड्रिंकच्या एजन्सीकडून चोवीस बाटल्यांचे प्लास्टिकचे क्रेट भाड्याने किंवा ओळखीने मिळवा, प्रत्येक बाटली आपल्या खणात, कागदाची सुद्धा गरज कमी. बरण्यांना दोन थर वर्तमानपत्र. पाणी वाडीत पोचल्यावरच भरायचं, एका नळीने किंवा लांब चोचीच्या झारीने, आणि रिकाम्या बाटल्या आधी टेबलावर मांडून मग भरायच्या. भरलेल्या उचलून नेताना आमच्या तीन फुटल्या, उरलेल्या दोन जेवणाच्या वेळी. आत्या प्रत्येक वेळी म्हणाली, काच फुटली, बला टळली. पाचव्या वेळी तिचाही आवाज जरा कमी झाला.

फुटली तर काय करायचं ते आधी ठरवून एका माणसावर सोपवा. त्याच्याकडे झाडू, जाड पुठ्ठा, बूट, आणि कणकेचा एक मोठा गोळा. मोठे तुकडे पुठ्ठ्याने, मग झाडू, आणि राहिलेल्या बारीक किरच्यांवर कणकेचा गोळा दाबत फिरवायचा, डोळ्याला न दिसणाऱ्या पण तो उचलतो. गोळा नंतर कागदात गुंडाळून फेकायचा, गाईला नाही, हे सांगावं लागतं कारण वाडीबाहेर गाय उभीच असते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंगात ताप असतो, आणि बाटल्या नेमक्या तेव्हाच हरवतात. केटररची माणसं रिकाम्या बाटल्या दिसल्या की भंगार समजून गोणीत टाकतात, त्यांच्या मुकादमाला जेवण सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा. रात्रीच फुलं काढून पाणी झाडाला ओता, बाटल्या क्रेटमध्ये घाला आणि मोजा. बुडाला नाव लिहिलंय ते आता कामाला येतं, कारण मामींची बरणी काकूंकडे गेली तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. परत देताना नेलपॉलिश काढायच्या लिक्विडने नाव पुसा. आणि दुसऱ्याचं भांडं आपण रिकामं परत करत नाही ने, म्हणून प्रत्येक बरणीत रुखवतातलेच चार-चार लाडू घातले आणि धाकटा भाऊ स्कूटरवर दोन दिवस दांडिया बाजार ते रावपुरा फिरला. तपकिरी औषधाच्या बाटल्या मात्र आजोबांनी परत मागितल्या नाहीत, त्या धाकटी सासरी घेऊन गेली.